साखरपुड्याचे फोटो : साडी कोणती, जागा कोणती?

उसाचे फड मोकळे होऊ लागले, मुलांच्या परीक्षा उरकल्या, की आपल्या नगर जिल्ह्यात सोयरिकीच्या बोलण्यांना जोर येतो. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले असले, तरी बोलण्यातून ‘नगर’ अजून सुटलेले नाही.) पूर्वी दहा-पाच जाणती माणसे जमत. त्रिशरण-पंचशील होई, साखरेचा पुडा हातावर ठेवला जाई, चहा-पोहे होत आणि साखरपुडा उरके. फोटो निघालाच तर एखादा, आणि त्यात नवरानवरीपेक्षा मधोमध बसलेले मामाच जास्त दिसत. आता फोटोसाठी एक दिवस वेगळा काढला जातो. मुलगा-मुलगी, फोटोग्राफर, दोन-तीन जोड कपडे आणि एखादे धरण, डोंगर किंवा किल्ला असा बेत ठरतो. घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, ही थेरं आपल्याला शोभतात का?

आमचे मत विचाराल, तर शोभतात. कर्ज काढून केली तर मात्र शोभत नाहीत.

आपल्या आजी-आजोबांचे लग्नातले फोटो किती घरांत आहेत, ते एकदा आठवून पाहावे. बहुतेक घरांत नाहीत. खुद्द बाबासाहेबांचे आणि माता रमाईंचे लग्न १९०६ साली मुंबईत भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचे व्यवहार आटोपल्यावर रात्री लागले. तेथे कॅमेरा कोठून येणार? रमाईंना आपण ओळखतो ते पुढच्या काळातील मोजक्या छायाचित्रांवरून. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेला कुटुंबाचा फोटो आपल्यापैकी अनेकांच्या भिंतीवर आहे. त्यात यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आहेत आणि टॉबी नावाचा कुत्राही आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. तो फोटो त्या दिवशी काढलाच नसता तर? १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला, त्याची छायाचित्रे मात्र आहेत. म्हणून दोन माणसे नव्या संसाराला लागताना नीटनेटके उभे राहून फोटो काढून घेत असतील, तर त्यात आम्हाला वावगे दिसत नाही.

कपड्यांचा प्रश्न तर आपल्याकडे कधीच नुसत्या हौसेचा नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्यात लुगडे कसे नेसावे हा एक मोठा विषय होता. ज्या नेसण्यावरून आणि गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत चढवलेल्या कथलाच्या-चांदीच्या पाटल्यांवरून आपली जात लांबून ओळखू येते, ते सोडा, असे त्यांनी सांगितले. दागिना घालायचा तर चांगला घाला, नाहीतर घालू नका, असाही त्यांचा रोख होता. त्याच परिषदेत कितीतरी जणींनी नेसण्याची पद्धत बदलली. आज भाड्याने आणलेल्या, वजनाने खांदे ओघळतील अशा खोट्या दागिन्यांत मुलीला मढवून उभे करतात, तेव्हा आम्हाला ते भाषण आठवते.

पांढऱ्या वस्त्राविषयी वेगळे सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेपासून शुभ्र वस्त्र हा आपला मंगल पोशाख झाला. परंतु कॅमेऱ्यापुढे पांढरा रंग अवघड असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुढ्यात पांढरे जास्त असले की कॅमेरा उजेड कमी घेतो, आणि साडी ठीक येते पण चेहरे काळवंडतात. मग फोटोग्राफर संगणकावर चेहरे उजळत बसतो आणि आपली सावळी, तेजदार मुलगी पिठात बुडवून काढल्यासारखी दिसू लागते. यावर उपाय सोपा आहे. फोटोग्राफरला आधीच सांगावे की उजेड चेहऱ्यावर बघून धर आणि रंग आहे तसा राहू दे. ‘थोडी गोरी करतो’ असे तो आपण होऊन म्हणाला, तर मुलीने स्वतःच ठाम नाही म्हणावे. सावळेपण झाकण्याजोगे आहे असे आपणच मानले, तर सासरी तिला ते कोण मानू देणार नाही?

भर उन्हात पांढऱ्यावरचे नक्षीकाम पार पुसले जाते. म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतरची वेळ धरावी. कडक पांढऱ्याऐवजी मोतिया किंवा सायीच्या रंगाचे कापड घेतले तर फोटोत ते पांढरेच दिसते आणि डोळ्यांना सुखावते. मुलाचा सदरा घरी धुतला असेल तर नीळ बेताने घालावी. सावलीत काढलेल्या फोटोत नीळ दिलेले कापड निळसर उमटते आणि शेजारची मोतिया साडी जुनाट वाटते. दोघांनी एकाच रंगात उभे राहण्याची सध्या चाल आहे. त्यापेक्षा ती पांढऱ्यात आणि तो गडद निळ्या सुटात, किंवा ती निळ्या काठाच्या साडीत आणि तो पांढऱ्या सदऱ्यात, अशी जोडी आम्हाला अधिक बरी वाटते. सूट नवा शिवलाच पाहिजे असे नाही. थोरल्या भावाचा असला तरी चालेल, पण शिंप्याकडून खांदे आणि बाह्या मापात करून घ्याव्या. निळ्या सुटातले बाबासाहेब आपण पुतळ्या-पुतळ्यांतून पाहतो, आणि त्यांच्या पोशाखात ढगळपणा कधी दिसत नाही.

पैठणी घ्यायची झाली, तर कोपरगावहून मनमाड रस्त्याने सरळ येवल्याला जावे. नाशिक जिल्ह्यातले हे गाव आपल्या हद्दीला लागून आहे आणि पैठणीच्या मागांसाठी सर्वत्र नावाजलेले आहे. हातमागाची पैठणी ओळखायची तर पदर आणि काठ उलटे करून पाहावे. खऱ्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. यंत्रावरच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. ती घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. ऐपत तेवढीच असेल तर जरूर घ्यावी, फक्त हातमागाच्या भावाने घेऊ नये. पदरावर मोर, मुनिया, आसावली असे नाना प्रकार असतात. त्यांत ‘अजिंठा कमळ’ म्हणून एक जुना नमुना आहे, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या कमळावरून आलेला. पांढऱ्या किंवा निळ्या अंगाची, पदरावर अजिंठा कमळ असलेली पैठणी विणकराला सांगून करून घेता येते, पण तिला वेळ लागतो. साखरपुडा पंधरा दिवसांवर आला असताना जाऊ नये.

येवल्याला गेलात की साडीच्या पिशव्या गाडीत ठेवून मुक्तिभूमीवर जावे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा बाबासाहेबांनी येवल्यातच केली. त्या घटनेचे स्मारक तेथे उभे आहे. एक फोटो तेथला असावा असे आम्हाला वाटते, मात्र तो वंदन करून झाल्यावर. स्मारकाच्या पायऱ्यांवर सिनेमातल्यासारख्या गिरक्या घेऊ नयेत. वर्धापनदिनी, १३ ऑक्टोबरला, तेथे मोठी गर्दी असते, तो दिवस टाळावा.

जिल्ह्यात जागांना तोटा नाही. अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचे नाव सर्वांत आधी निघते. प्रवरेवरचे ते धरण इंग्रजांच्या काळात, १९२६ साली पुरे झाले. पावसाळ्यात तेथे इतकी झुंबड उडते की फोटोत तुमच्यापेक्षा लोकांच्या छत्र्याच जास्त येतील. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात जावे, हिरवाई असते आणि आकाश धुतलेले असते. हिरव्यागार पार्श्वभूमीवर हिरवी साडी बुडून जाते, तेथे पांढरी किंवा पिवळी खुलते. रंधा धबधब्याच्या कड्याशी पाठ करून मागे-मागे सरकू नये. फोटोग्राफरचे लक्ष काचेत असते, तुमच्या टाचेकडे नसते. रतनवाडीला फोटोग्राफर हमखास अमृतेश्वराच्या जुन्या देवळापाशी उभे करतो. दगडाचे काम म्हणून ते पाहण्यासारखे आहेच. पण हात जोडून, डोळे मिटून फोटो काढायला तो सांगू लागला, तर आपल्या बावीस प्रतिज्ञा आपल्याला पाठ आहेत.

पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी हजारो वर्षे काळा कातळ कोरला आणि त्यातून ही नैसर्गिक शिल्पे घडली. काळ्या दगडावर पांढरी साडी अशी उठते की दुसरी सजावट लागत नाही. चपला मात्र पकडीच्या घालाव्या. उंच टाचा कातळावर घसरतात आणि खळगे खोल आहेत. नगर शहराजवळ चांदबिबी महाल आहे. नाव चांदबिबीचे असले तरी ती सलाबतखानाची कबर आहे, तेव्हा तेथे थोडे भान ठेवावे. डोंगरावर वारा फार, पदराला दोन पिना जास्त लावाव्या. भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. परवानगीची चौकशी केल्याशिवाय कपड्यांची बोचकी घेऊन तेथे जाऊ नये. धरणाच्या भिंतीवर आणि ड्रोन उडवण्याच्या बाबतीतही तेच.

ज्यांना आपला धम्माचा ठेवा पाठीशी हवा आहे, त्यांनी लेण्यांकडे वळावे. संगमनेर-अकोल्याकडच्यांना जुन्नर आणि नाशिक जवळ, नगर-नेवाशाकडच्यांना औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि वेरूळ. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील तिसरे लेणे गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेने भिक्खूंसाठी दान दिले, असे तेथील शिलालेख सांगतो. त्या ओसरीत उभी राहणारी मुलगी कोणाच्या दारात उभी आहे, हे तिला ठाऊक असावे. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी. पुरातत्त्व खात्याच्या जागी तिकाठी आणि दिव्यांसाठी परवानगी लागते. चैत्यासमोर चपला घालून, स्तूपाला टेकून फोटो काढू नयेत. एवढे तरी आपल्याकडून व्हावे.

आता जरा वेगळी गोष्ट. हा जिल्हा आपल्याला ठाऊक आहे. २०१३ मध्ये सोनई झाले, २०१४ मध्ये खर्डा. २०१५ मध्ये शिर्डीत लग्नाला आलेल्या एका दलित तरुणाचा भीमगीताच्या रिंगटोनवरून जीव घेतला गेला. आपला मुलगा आणि आपली होणारी सून हातात हात घालून मोकळ्यावर उभी राहतात, तेव्हा आईच्या पोटात का गोळा येतो, हे त्यामुळे आम्हाला कळते. म्हणून घरी बसा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ओसाड जागी दोघेच जाऊ नका, बरोबर भाऊ-बहीण, मैत्रिणी घ्या, अंधाराच्या आत परत फिरा, कोठे चाललो ते घरी सांगून ठेवा. आणि गाडीत भीमगीत लावायचे असेल तर लावा.

मुलीच्या बाजूने आणखी एक सांगणे आहे. फोटो कोणते काढायचे आणि कोणते व्हॉट्सअ‍ॅपवर जायचे, हे तिला विचारून ठरवावे. जवळ ओढून, उचलून घेऊन काढण्याचे जे प्रकार निघाले आहेत, ते तिला नको असतील तर ‘हौसेला मोल नाही’ म्हणून तिच्यावर लादू नयेत. कधी कधी जमलेली सोयरीक मोडते. फोटो मात्र फिरत राहतात, आणि त्याचा त्रास मुलालापेक्षा मुलीलाच होतो. मूळ फोटो दोन्ही घरांकडे सारखे असावेत आणि फोटोग्राफरने ते जाहिरातीसाठी वापरू नयेत, हे पैसे देण्याआधी बोलून घ्यावे. मुलगी अठरा वर्षांची झाली नसेल तर फोटोचाच काय, साखरपुड्याचाही बेत करू नये. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका म्हणून बजावले होते, आणि पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे असेही सांगितले होते. फोटोत त्याला खुर्चीवर आणि तिला पायाशी बसवणाऱ्या फोटोग्राफरला हे कोणीतरी सांगायला हवे.

खर्चाचे म्हणाल, तर दोन जोड कपडे आणि एक जागा पुष्कळ झाली. तीन जागा धरल्या की निम्मा दिवस गाडीत आणि कपडे बदलण्यात जातो. जवळ पैसे नसतील तर गावच्या विहारासमोर, सकाळच्या उन्हात, भावाच्या मोबाइलवर काढलेला फोटोही चांगला येतो. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवून मगच फोटो काढावा.

निघण्याआधी घरच्या ओट्यावर आजीला तिच्या रोजच्या नऊवारीत मधे बसवून एक फोटो घ्यावा. त्यासाठी तिला नवी साडी नेसवायची गरज नाही. त्यातले चार-दोन फोटो कागदावर छापून घ्यावेत, कारण मोबाइल बिघडतो नाहीतर हरवतो, आणि मागच्या बाजूला तारीख, गाव आणि फोटोतल्या प्रत्येकाचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवावे. शाई पुढच्या बाजूला उतरते.