हिरव्या रंगाचा माग

बायका ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, तो गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. तो पसरायला लागला आहे का, हे बहुतेक वेळा आधी कळतं ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींवरून, म्हणजे लिम्फ नोडवरून. या ग्रंथी मोठ्या रक्तवाहिन्यांना लगटून चरबीत दडलेल्या असतात. यातली नेमकी कुठली तपासायची हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून दोन्ही बाजूंच्या सगळ्याच काढायची रीत पडली. त्याची किंमत काही बायकांना पुढे मोजावी लागते. लसिकेचा निचरा अडतो, पाय सुजतो. कांद्याच्या वाफ्यात दिवसभर उकिडवं बसून निंदणी करणाऱ्या, नाशिक जिल्ह्यातल्या कळवणच्या बाईचा पाय सुजला, की तिची मजुरीच बुडाली.

इंडोसायनिन ग्रीन हा रंग इथे कामाला येतो. कोडॅक या फोटो फिल्मच्या कंपनीत तो तयार झाला आणि 1959 मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय वापराची परवानगी मिळाली. यकृत, हृदय आणि डोळ्याचा पडदा तपासायला तो कित्येक वर्षं वापरात आहे. कुपीत 25 मिलिग्रॅम गडद हिरवी पूड असते. ती निर्जंतुक पाण्यात विरघळवून भूल दिल्यावर गर्भाशयाच्या तोंडाशी टोचतात. घड्याळात तीन आणि नऊ असतात त्या दोन जागी, थोडा रंग वरवर आणि थोडा खोल. रंग प्रथिनांना चिकटतो आणि लसिकावाहिन्यांतून पुढे सरकतो. त्यावर आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकला की तो उजळतो. ते तेज फक्त खास कॅमेऱ्याला दिसतं. पडद्यावरचा झगझगीत हिरवा रंग यंत्राने चढवलेला असतो. आधी एक बारीक रेघ दिसते, मग तिच्या टोकाला एक ठिपका. तोच सेंटिनेल नोड, कॅन्सरच्या पेशी निघाल्याच तर बहुधा आधी जिथे पोचतील ती ग्रंथी. ती काढून पातळ काप करून तपासतात.

पूर्वी यासाठी निळा रंग वापरत. 2018 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेल्या, गर्भाशय आणि त्याच्या तोंडाचा कॅन्सर असलेल्या बायकांच्या चाचणीत हिरव्या रंगाने 97 टक्के ग्रंथी दाखवल्या, निळ्याने 47 टक्के. त्याच वर्षी अमेरिकेत या कामासाठी त्याला मान्यता मिळाली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर या कॅन्सरमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं, तेही 2018 मध्येच. पण हा माग काढायला दुर्बीणच लागते असं नाही, हा कॅमेरा पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेतही चालतो. मर्यादा आहेतच. एखाद्या बाजूला ठिपका उमटला नाही, तर त्या बाजूच्या सगळ्या ग्रंथी काढाव्या लागतात. रंगात आयोडिन असतं, त्यामुळे ॲलर्जी आधी विचारावी लागते. आणि गाठ दोन सेंटीमीटरच्या आत असेल तेव्हाच हा माग सर्वांत भरवशाचा.

माझ्या मते कळवणसाठी खरा प्रश्न या दोन सेंटीमीटरचाच आहे. तालुक्यातल्या अभोणा-कनाशीकडची बाई अंगावरून पांढरं जाणं, मध्येच रक्त जाणं महिनोन्‌महिने अंगावर काढते. नाशिक पाऊणशे किलोमीटरच्या पुढे, मुंबईत परळचं टाटा कॅन्सर रुग्णालय त्याहून लांब. ती तिथे पोचते तोवर आजार वाढलेला असेल, तर शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार आणि केमो करावे लागतात, मग या रंगाचा तिला उपयोग नाही.

लवकर गाठता येतं, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटाच्या साथीने 1,31,746 बायकांना घेऊन अभ्यास केला. 2009 मध्ये निष्कर्ष आले: ज्या गटात आयुष्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी केली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी ॲसेटिक ॲसिड लावून तपासणी करायची आहे. तिला फार वेळ लागत नाही. घरातल्या तीस ओलांडलेल्या बाईला घेऊन आरोग्य केंद्रात किंवा कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात जा आणि ही तपासणी मागा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात जा.