टाकीत व्होडका कोणी ओतली?

खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळ पाळणारी काही मंडळी टाकीत व्होडका ओततात. चेष्टा नाही! रोज, मोजून. पार्टी असते जिवाणूंची. अल्कोहोलमधला कार्बन मिळाला की ते भराभर वाढतात आणि वाढता वाढता पाण्यातलं नायट्रेट नि फॉस्फेट फस्त करतात. शेवाळाचं ताट रिकामं! मग प्रोटीन स्किमर नावाचं यंत्र बारीक बुडबुड्यांचा फेस काढतं आणि त्यासोबत बरेचसे जिवाणू बाहेर पडतात. (स्किमरच्या कपात साचणाऱ्या त्या काळपट रश्शाचा वास कसा असतो, ते घरातल्या इतरांना विचारा.) हात सैल सुटला तर मात्र पाणी दुधाळ होतं, ऑक्सिजन घटतो आणि मासे वर येऊन धापा टाकतात.

वाळूवर पसरणारी लालसर, चिकट साय शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीची हवा ऑक्सिजनने भरू लागली ती यांच्याच पूर्वजांमुळे, त्यामुळे तसे आपण त्यांचे ऋणी. तरी नळीने ओढून बाहेर काढा. एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकानेही ही साय मरते, पण फिल्टरमधल्या कामाच्या जिवाणूंनाही ते भोवू शकतं.

नव्या टाकीतली तपकिरी धूळ डायटमची. नळाच्या पाण्यातल्या सिलिकापासून ते स्वतःभोवती काचेसारखं कवच बांधतात. सिलिका संपली की बहुधा आपोआप जातात.

दगडावरचा चकचकीत हिरवा मणी? व्हॅलोनिया. द्राक्षाएवढी एकच पेशी!

पाणी फारच ‘स्वच्छ’ करून नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणलं तर पुष्कळदा डायनोफ्लॅजेलेट नावाची तपकिरी, बुडबुडेदार लाळ हजर होते. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकवणारा नॉक्टिल्युका याच कुळातला. तिथे आपण व्हिडिओ काढतो, इथे डोकं धरून बसतो.

सफाई खात्यात गोगलगायी जुन्याजाणत्या. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास गोड्या पाण्याच्या टाकीत त्या सोडल्या, त्या कुजक्या पानांचा गाळ खायलाच. आजच्या टर्बो गोगलगायी झपाट्याने काच साफ करतात, पण वाळूवर उताण्या पडल्या की बऱ्याचदा मालकालाच बाह्या सरसावून त्यांना सरळ करावं लागतं. एलिसिया ही कवच नसलेली गोगलगाय त्याहून बिलंदर: शेवाळातला रस शोषते, त्यातली हरितलवकं स्वतःच्या अंगात जपते आणि काही काळ ती कामालाही लावते. हे खातं संपावर गेलं तर काय होतं, ते कॅरिबियन समुद्राने पाहिलंय. १९८३ पासूनच्या साथीत तिथले शेवाळ खाणारे बहुतेक काटेरी डायाडेमा अर्चिन मेले आणि जमैकाचे प्रवाळ शेवाळाखाली गेले.

एका शेवाळाने तर टाकीतूनच पळ काढला. कौलर्पा टॅक्सिफोलिया दिसायला देखणी, वाढायला सोपी, म्हणून मत्स्यालयांची लाडकी. १९८४ मध्ये ती मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाखाली समुद्रात आढळली, जेमतेम चौरस मीटरभर. पुढे फ्रान्स, इटली, स्पेनचे किनारे तिने गाठले. तिच्यात विषारी द्रव्य असल्याने तिला तोंड लावणारे थोडेच. २००० मध्ये ती कॅलिफोर्नियात उगवली, तेव्हा तिच्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडलं गेलं. ती संपल्याचं जाहीर व्हायला २००६ उजाडलं.