लेपे आले त्या दिवशी

पहाटे ४.३०
आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, चहा झाकून ठेवला आणि निघाले. माझं माहेर मालवण, सासर इंदापूर तालुक्यात. भिगवणजवळ आमची सहा टेबलांची खानावळ आहे.

सकाळी ६
मासळीचा लिलाव. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, भीमेचं पाणी शिवारांत पसरलं आणि इथं मासळीचा धंदा उभा राहिला. आज कटला, रोहू होते, वाम थोडी. चिलापीचे मात्र ढीग. मूळची आफ्रिकेची ही बया १९५२ साली भारतात आणली. आता इथल्या जाळ्यांवर तिचंच राज्य. बारा किलो घेतली.

७.३०
पुण्याच्या गाडीतून थर्माकोलचा खोका उतरला. भावानं मालवणहून बर्फात घालून समुद्रातले लेपे पाठवलेत.

८.००
मासे साफ करणारी आमची मावशी उजनीच्या काठावरच राहते. तिनं लेपा हातात धरला आणि ओरडली, "वैनी, ह्येला डोळंच न्हाईत!" मी उलटा करून दाखवला. दोन्ही डोळे एकाच अंगाला.

पिल्लू असताना लेपा चारचौघा माशांसारखा उभा पोहतो, डोळेही दोन बाजूंना. मग एक डोळा सरकत सरकत डोक्यावरून पलीकडे जातो आणि मासा जन्मभरासाठी कुशीवर आडवा होतो. वरचं अंग वाळूच्या रंगाचं, खालचं पांढरं. लेप्याचे डोळे डाव्या अंगाला. त्याच्या गोतातल्या भाकसाचे मात्र कधी डाव्या, कधी उजव्या.

"चिलापी बी चपटीच की," मावशी म्हणाली. चपटी आहेच. पण ती उभी राहिली, हा आडवा पडला!

डोक्यापाशी चीर द्यायची, बोटांना मीठ लावून कातडं शेपटीकडे ओढायचं. मावशीनं पहिल्या दोघांची लक्तरं केली, तिसऱ्याचं एका दमात सोललं. मधे एकच सरळ काटा. शिजल्यावर त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन पट्ट्या अलगद सुटतात. लहान पोरांना मासा खायला शिकवावा तो लेप्यावर.

दुपारी १२.३०
बारामतीहून चौघे आले. "सोल फिश मिळेल?" सोल म्हणजे आमचा लेपाच. पुण्यात खाल्लेला म्हणे: पांढरा तुकडा, काटा नाही. चवीचं विचारलं तर काही सांगता येईना. तो बासा असावा. मिशीवाल्या माशांच्या कुळातला, गोड्या पाण्यातला. परदेशांत तो सोल म्हणून खपवल्याची प्रकरणं झालीत. मी अख्खा लेपा ताटलीत आणून ठेवला. डोळे बघून एकानं घाईघाईनं चिलापीचं कालवण सांगितलं. बाकी तिघांना कोकमाचं आगळ, हळद, तिखट लावून, रवा-तांदळाच्या पिठात घोळवून लेपे तळून दिले. पाठोपाठ आणखी तीन मागवले.

४.००
भांडी, हिशेब. बर्फ आणि गाडीभाडं धरलं तर लेप्यात सुटत काहीच नाही. चिलापीवर घर चालतं.

रात्री ९
दोन लेपे आत्यांसाठी राखले होते. त्यांना आगळाचा आंबटपणा खपत नाही. निमूट खाल्ले, काटा ताटाच्या कडेला सरळ ठेवला आणि म्हणाल्या, "भावाला म्हणावं, पुढच्या खेपेला थोरले धाड."

तुम्हालाही हवे असतील तर दोन दिवस आधी फोन करा. १ जून ते ३१ जुलै मात्र नको. तेव्हा समुद्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते.