जाहिरातीतली ‘समान संधी’ म्हणजे नेमकं काय? जाणून घ्या

अमरावती : भरतीची जाहिरात मोबाईलवर आली की आपण आधी जागा किती आणि शेवटची तारीख कोणती, हेच पाहतो. कुठेतरी ‘समान संधी’ असे शब्दही असतात. ते वाचून बरेच जण म्हणतात, “म्हंजे सगळ्याईले सारखंच ना?” अर्थ तेवढाच नाही.

कालव्याचंच उदाहरण घ्या. पाळीचं पाणी कागदावर सगळ्यांना सारखं असतं. पण पाटचारी फुटकी असेल तर टेलवरच्या शेतात पाणी पोहोचतच नाही. चारी दुरुस्त केली म्हणून टेलवाल्याला जास्त पाणी मिळालं, असं कोणी म्हणत नाही. त्याच्या हक्काचं पाणी त्याला मिळालं, एवढंच. समान संधीचंही तसंच आहे.

राज्यघटनेच्या कलम १६ नुसार सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी आहे. धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणाला डावलता येत नाही. मागे राहिलेल्यांसाठी आरक्षणाची सोयही याच कलमात आहे.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरचं. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव देऊन वाढवलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांची दृष्टिहीन मानसकन्या माला पापळकर लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा पास झाली. ब्रेल लिपी आणि वाचून दाखवणारी माणसं यांच्या आधारावर तिनं अभ्यास केला.

अशा उमेदवारांना परीक्षेत लेखनिक घेता येतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा वेळही मिळतो. काहींना ही सवलत वाटते. पण लेखनिक फक्त लिहितो, उत्तर उमेदवारालाच सांगावं लागतं. परीक्षा सोपी होत नाही, फक्त मधला अडथळा निघतो.

ही गोष्ट वऱ्हाडाला नवी नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं होतं. शाळेचं दार उघडं असून भागत नाही, खेड्यातल्या पोराला शहरात राहायला-जेवायला जागाही लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता कामाचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव आहेत. खासगी कंपन्यांसह प्रत्येक आस्थापनेनं आपलं समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. तुमच्या घरी किंवा शेजारी असा उमेदवार असेल तर एवढं करा :

● स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून युडीआयडी कार्ड काढा.
● भरतीच्या अर्जातला दिव्यांगाचा रकाना रिकामा सोडू नका.
● लेखनिक व जादा वेळेची मागणी जाहिरातीत दिलेल्या मुदतीत करा.
● अडवणूक झाली तर त्या सरकारी कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

सेतू केंद्रात घाईघाईत भरलेल्या अर्जात एक खूण राहिली, तरी हातची संधी जाऊ शकते. म्हणून ‘सबमिट’ करण्याआधी अर्ज एकदा वाचून घ्या. उमेदवाराला दिसत नसेल, तर त्याला वाचून दाखवा.