बाळाची पहिली शी

बाळ जन्मले की ‘रडले का?’ असे सारे घर विचारते. ‘शी केली का?’ हा प्रश्न मात्र परिचारिका आणि आजी यांच्यातच राहतो. वास्तविक त्याचे मोल कमी नाही.

ही पहिली शी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट आणि जवळजवळ बिनवासाची असते. ‘मेकोनियम’ हे तिचे वैद्यकीय नाव अफूच्या बोंडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले. तिच्यात असते काय? बाळाने गर्भात गिळलेले पाणी, आतड्याच्या गळलेल्या पेशी, अंगावरची लव, श्लेष्मा आणि पित्त. म्हणजे दुधाचा थेंबही पोटात जाण्याआधीचा हा ऐवज. पूर्ण दिवसांच्या दहापैकी नऊहून अधिक बाळांना ती २४ तासांत होते, उरलेल्या बहुतेकांना ४८ तासांत.

न झाली तर? कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिनमध्ये दोन बालकांची हकीकत मांडली. जन्मापासून शौचाला अडलेली ही दोन्ही बाळे दगावली होती आणि त्यांचे मोठे आतडे प्रचंड फुगलेले होते. दोष त्या फुगलेल्या भागाचाच, असे पुढे कित्येक वर्षे मानले गेले. खरा दोष होता त्याच्या खालच्या, अगदी साध्या दिसणाऱ्या अरुंद भागात. गर्भावस्थेत मज्जापेशी आतड्यातून वरून खाली सरकत जातात. त्या वाटेतच थांबल्या, तर पुढचा भाग आवळलेला राहतो आणि त्यावरचा तुंबून फुगतो. ऑर्व्हर स्वेन्सन यांनी १९४८ साली तो अरुंद तुकडा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. साधारण ५,००० जन्मांत एका बाळाला हा आजार असतो.

इतर कारणेही आहेत : गुदद्वारच नसणे, किंवा सिस्टिक फायब्रोसिसमध्ये शी घट्ट होऊन आतड्यात अडकणे.

आपल्याकडे काळी शी ‘पाडायला’ मध, एरंडेल, गुटी देत. खरे तर आईचा चीक हाच सौम्य रेचक आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा. शिवाय या उपचारांत मोलाचा दिवस जातो. पोट ताठ आणि उलटी हिरवी असेल, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे लागते.

काहींचा आजार सौम्य असतो. तो ‘जुनाट बद्धकोष्ठ’ म्हणून शाळेच्या वयापर्यंत चालतो. मग डॉक्टर आईला विचारतात, पहिली शी किती तासांनी झाली होती? ते बहुधा कुणी लिहून ठेवलेले नसते.