जुन्या मोटारीचा पेट्रोलखर्च : समज आणि हकीकत

वापरलेली पेट्रोल मोटार घरी आल्यावर दोन-तीन टाक्या संपतात न संपतात तोच ‘गाडी ॲव्हरेज देत नाही’ ही तक्रार सुरू होते. आणि ज्या बडोद्याच्या वेशीवर कोयलीची रिफायनरी १९६५ सालापासून चालू आहे, त्या बडोद्यातही पहिला आरोप पेट्रोलवर, दुसरा पंपावर आणि तिसरा गाडी विकणाऱ्यावर ठेवला जातो. आरोपांची ही घाई मालकाला महागात पडते, कारण रोगाचे निदान होण्यापूर्वीच इंजेक्टरची सफाई, नवे प्लग आणि नवा फिल्टर यांचे बिल चुकते झालेले असते.

मुळात खर्च जास्त आहे, हे ठरवायचे कशावरून? पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या प्रमाणपत्रातील आकडा हे गाडीने दिलेले वचन नव्हे; तो प्रयोगशाळेतील रोलरवर, ठराविक वेगक्रमाने गाडी चालवून काढलेला असतो, आणि लहरीपुरा दरवाज्यापासून मांडवीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणाऱ्या, एसी चालू असलेल्या गाडीकडून तो मागणे अन्यायाचे आहे. समोरच्या पडद्यावरील ॲव्हरेजही निर्णायक मानू नये, कारण ते सामान्यतः इंजेक्टर किती वेळ उघडला यावरून हिशेबाने काढलेले असते, आणि इंजेक्टर गळका असेल तर गळलेले पेट्रोल त्या हिशेबात येतच नाही. खातरजमेचा मार्ग एकच : नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, तीनचारशे किलोमीटर नेहमीच्या रस्त्यांवर चालवावे, त्याच पंपावर तितकीच भरावी, आणि हे दोन-तीनदा करून सरासरी काढावी. आधीच्या मालकाने मोठ्या व्यासाचे टायर बसवले असतील तर किलोमीटरचा आकडाच कमी नोंदला जातो, म्हणून टायरवरील माप कंपनीच्या मापाशी ताडून पाहणे अगत्याचे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलविषयीच्या तक्रारीत सत्यांश आहे, पण त्याचे प्रमाण ओळखले पाहिजे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. तेव्हा २० टक्के मिश्रणाने लिटरमागची ऊर्जा शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६ ते ७ टक्क्यांनी घटते. १५ किलोमीटर देणारी गाडी १४ वर आली तर इथेनॉलला दोष द्यावा. ती १० वर आली असेल, तर कारण गाडीतच शोधावे.

आता ज्या गैरसमजाने सर्वाधिक नुकसान होते, तो उष्णतेविषयीचा. आपल्याकडे वैशाखातल्या उन्हाचा धसका असा, की इंजिन तापू लागले की थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा शिरस्ता काही गॅरेजांत पडला आहे, आणि ‘इंजिन जितके थंड तितके उत्तम’ हे वाक्य मालक समाधानाने ऐकून घेतो. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून इंजिनाचा संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. इंजिन गरम झाले म्हणजे हा जादा पुरवठा आवरता घेतला जातो. थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवून इंजिनाला लवकर त्या तापमानापर्यंत नेतो. तो काढला, किंवा उघड्या स्थितीत अडकला, तर दांडिया बाजारातून सयाजीगंजपर्यंतच्या छोट्या फेरीत, विशेषतः पौषातल्या सकाळी, इंजिन पुरते गरम होतच नाही आणि पूर्ण प्रवास महागड्या मिश्रणावर होतो. परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करावी आणि पंख्यापासून हात दूर ठेवून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज चाचपावा : काही मिनिटे तो थंड राहून मग एकाएकी तापला तर थर्मोस्टॅट काम करतो आहे, पहिल्या मिनिटापासून तो हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा आत नाहीच. तो काढण्याने इंजिन तापण्याचे मूळ कारण, मग ते तुंबलेले रेडिएटर असो, बंद पंखा असो की कूलंटऐवजी भरलेले नळाचे पाणी असो, जागच्या जागीच राहते.

चेक-इंजिनचा दिवा लागला नाही म्हणजे सर्व आलबेल, हाही असाच एक भ्रम. तापमान मोजणारा किंवा ऑक्सिजन मोजणारा सेन्सर पूर्ण निकामी झाला तर दिवा लागतो. सेन्सर मर्यादेच्या आत राहून खोटे सांगत असेल तर दिवा लागेलच असे नाही. म्हणून स्कॅनर लावून केवळ ‘कोड नाही’ एवढ्या उत्तरावर संतुष्ट न होता चालत्या इंजिनाचे आकडे पाहायला मेकॅनिकला सांगावे : कूलंटचे तापमान ८५ ते ९५ अंशांच्या आसपास स्थिर राहते का, आणि फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोलच्या मात्रेत करत असलेली दुरुस्ती, दहा टक्क्यांपलीकडे सतत एका बाजूला झुकलेली आहे का. गुजरातेत सीएनजीचा प्रसार मोठा असल्यामुळे गाडी पूर्वी गॅसवर चालत होती का हे पाहण्यासाठी आरसीवरील इंधनाची नोंद वाचावी, आणि सीएनजी किट उतरवलेली गाडी असेल तर तोडून जोडलेल्या तारा तपासून घ्याव्यात.

एअर फिल्टर बदलल्याने ॲव्हरेज वाढते, हे कार्ब्युरेटरच्या काळात खरे होते. इंजेक्शनच्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरने जोर कमी होतो, खर्चात फारसा फरक पडत नाही. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल घालण्यानेही बहुधा काही साधत नाही. उताराला न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचते, ही समजूत तर पावागडावरून उतरताना घातकच ठरेल. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शन बहुतेक पूर्ण थांबते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आपले पेट्रोल जाळीतच राहते.

अडकलेला ब्रेक मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. आठ-दहा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक लावून चालवल्यानंतर चारही चाकांजवळ, स्पर्श न करता, हात न्यावा. एकच चाक धगधगत असेल तर कॅलिपर किंवा हँडब्रेकची केबल पाहावी. आणि बॉनेटपाशी वा मागच्या आसनाजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर ॲव्हरेजचा हिशेब बाजूला ठेवून गाडी तिथेच बंद करावी, पुन्हा स्टार्टर न मारता टो करून न्यावी, आणि टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचा प्रत्येक पाइप व सांधा तपासल्याखेरीज ती रस्त्यावर आणू नये.