नजर फोनमध्ये, पाऊल रस्त्यावर

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात जोसेफ कर्नी आणि जोडी प्लमर्ट यांची ‘हँक’ नावाची प्रयोगशाळा आहे. तिथला रस्ता प्रकाशाचा बनलेला असतो. समोर आणि दोन्ही बाजूंना मोठाले पडदे, पायांखालच्या जमिनीवरही चित्र. त्रिमिती चष्मा चढवला की माणूस थेट फुटपाथच्या कडेला उभा राहतो आणि एकामागून एक गाड्या येऊ लागतात. मान वळली की दृश्यही वळतं. रस्ता मात्र स्वतःच्या पायांनीच ओलांडायचा.

फोनमध्ये गुंगलेल्या माणसाला खऱ्या वाहतुकीत सोडून त्याचं काय होतं, हे कुणी पाहू शकत नाही; पाहूही नये. इथे गाडी अंगावर आली तरी खरचटत नाही, आणि किती थोडक्यात वाचला याची नोंद राहते.

मला खिळवून ठेवतं ते पहिलं पाऊल. सावध माणूस एक गाडी समोरून सरकते न सरकते तोच तिच्या मागोमाग निघतो, म्हणजे पुढची येईपर्यंत हाताशी जास्त वेळ राहतो. रोज नकळत करतो आपण हे, पण त्यात डोळे आणि पाय यांचा केवढा मेळ लागतो! मेसेज टाइप करणारे पलीकडे पोचतात तेव्हा त्यांच्याकडे हा वेळ कमी उरलेला असतो. बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठातही डेव्हिड श्वेबेल आणि सहकाऱ्यांनी १३८ विद्यार्थ्यांना आभासी रस्ता ओलांडायला लावला. २०१२ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात, मेसेज करणाऱ्यांना आणि गाणी ऐकणाऱ्यांना गाडीची धडक बसण्याचं प्रमाण जास्त निघालं.

आयोवात मग एक उपाय करून पाहिला. दोन गाड्यांमध्ये पुरेसं अंतर आलं की फोननेच आवाज देऊन कळवायचं. लोकांनी मोठं अंतर निवडलं. पाऊल उशिरा पडलं, तरी मेसेज न करणाऱ्यांइतकेच ते सुरक्षित पोचले. पण आवाजावर भिस्त ठेवून त्यांनी रस्त्याकडे बघणं आणखी कमी केलं.

मला धास्ती वाटते ती याचीच. खऱ्या रस्त्यावर हा इशारा गाड्यांनी पाठवलेल्या माहितीवर चालणार. जुनी गाडी किंवा सायकल ती पाठवणार नाही. फोन रस्ता मोकळा असल्याचं सांगेल, आणि ती सायकल नेमकी तेव्हाच समोर आलेली असेल.